देवगड–फोंडाघाट–कोल्हापूर फेरीच्या पिकअपला ऑल-टेरेन टायर: साधे घ्यावेत की एलटी?

कलमबाग_देवगड

नमस्कार मंडळी. गाडी स्कॉर्पिओ गेटवे फोर-बाय-फोर, टायर २४५/७५ आर १६, ट्यूबलेस, अलॉय रिम. सध्या हायवे टायर आहेत. पुढच्यांची नक्षी ४ मिमी उरली आहे, मागच्यांची ३ च्या आत. पावसाआधी ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) घालायचे आहेत.

वापर असा: एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरून नांदगाव, फोंडाघाट, राधानगरीमार्गे कोल्हापूर, येताना बहुतेक रिकामी. जून-जुलैत बागेत खत टाकायला. बागेचा शेवटचा दीड किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता, मध्ये एक व्हाळ (ओढा) आणि त्यापुढे चढण. एकूण चालवण्यातलं पाऊण तरी डांबरच.

दुकानात दहा-प्लायचे एलटी (लाइट ट्रक, म्हणजे मालाच्या गाडीचे जाड बांधणीचे टायर) घ्या म्हणतात, आणि साइजही २६५/७५ करा, गाडी उंच होईल म्हणतात. एलटी खरंच लागतात का? साइज वाढवावा का? आणि आत्ता मागचे दोनच बदलून भागेल का?

सडा_आणि_कातळ

साइजपासून सुरुवात करतो, कारण तो प्रश्न लगेच मिटतो. २४५/७५ आर १६ चा व्यास सुमारे ७७४ मिमी, २६५/७५ चा ८०४. म्हणजे टायर ३० मिमी मोठा झाला, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १५ मिमी. एवढ्यासाठी फरक पडतो जवळपास ४ टक्के: काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ ने जात असेल, गिअरिंग तेवढं लांब होईल आणि भरलेली गाडी फोंडाघाटात जिथे तिसऱ्यावर चढत होती तिथे दुसरा मागेल. पूर्ण स्टिअरिंग फिरवून खड्ड्यात गेलात तर आतलं प्लास्टिक घासण्याची शक्यता वेगळी. शिवाय कंपनीने मंजूर केलेल्या साइजबाहेर गेलं की विम्याच्या दाव्यात नसता प्रश्न उभा राहू शकतो. २६५/७० चा व्यास मूळ टायरच्या जवळपास तेवढाच (७७७ मिमी), फक्त रुंदी वाढते, आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. तुमच्या कामाला २४५/७५ च योग्य.

आता साधा की एलटी. टायरच्या बाजूवर साइजनंतर जो आकडा असतो तो भाराचा. १११ म्हणजे एका टायरवर १०९० किलो. एलटीवर दोन आकडे दिसतील, १२०/११६: एकेरी चाकाला १४०० किलो, जोडचाकाला १२५० किलो. मागे एकेरी चाकं आहेत, तेव्हा पहिला आकडा बघायचा. साधा टायर (साइजआधी ‘पी’ असतो किंवा काहीच नसतं) मालाच्या गाडीला लावताना त्याची क्षमता १.१ ने भागून धरायची, म्हणजे १०९० चे ९९० झाले. तुमचा मागचा आस भरल्यावर किती भरतो यावर निर्णय आहे. वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून पावती घ्या, एकदा भरून आणि एकदा रिकामी.

पण भार हे एलटी घेण्याचं एकच कारण नाही. जांभा टायरच्या तळव्यापेक्षा बाजू जास्त फाडतो. चाकोरी खोल झाली की कडेचा तुटका चिरा किंवा गडग्यातून निसटलेला दगड बरोबर साइडवॉलला लागतो, आणि बाजूला पडलेला काप कुठलाही पंक्चरवाला खात्रीने दुरुस्त करू शकत नाही. तिथे एलटीचा जाड कॅसिंग (टायरचा आतला सांगाडा) कामी येतो. दीड किलोमीटर रोज जायचं असेल तर मी एलटीच घेईन.

घाटवळण

वरच्या उत्तरातलं साइजचं पूर्ण पटतं, एलटीचं अर्धं पटतं. या गाडीचा खरा धोका बागेत नाही, कोल्हापूरहून रिकामी उतरताना घाटात आहे.

पिकअप रिकामी असली की मागचा आस हलका असतो आणि पाटे भार धरून कडक. त्यात सकाळी पेट्या भरताना मागे ४५-५० पीएसआय हवा मारलेली असते आणि परतताना ती कोणी काढत नाही. टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला लागतो. पहिल्या पावसात डांबरावर तेल-धुळीचा लेप तयार होतो; अशा वळणावर ब्रेक लावला की मागची बाजू बाहेर जाते. एलटीचा कॅसिंग ताठ असल्याने हे अधिकच जाणवतं. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न ओल्या डांबरावरच्या पकडीचा विचारा. टायर हातात घेऊन बघा: गोट्यांवर (नक्षीच्या ठोकळ्यांवर) बारीक चिरा (साइप) किती आहेत आणि त्या किती खोल जातात. काही टायरांत त्या वरवरच्या असतात, अर्धा टायर झिजला की नाहीशा होतात. साइप तळापर्यंत गेलेले असतील तो टायर शेवटपर्यंत पावसात धरतो. बाजूवर डोंगर आणि बर्फाच्या चांदणीचं चिन्ह दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नका, ती परीक्षा बर्फाची आहे.

मड टायरकडे तर बघूच नका. मोठ्या गोट्या, मोकळ्या फटी, साइप जवळपास नाहीत. लाल चिखलात ते छान चालतात, पण ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढतं आणि तुमचं पाऊण चालवणं तिथेच आहे.

दोनच टायरांबद्दल: कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे, पण कोकणातल्या पावसाला ३ मिमी हीच शेवटची रेघ धरावी. त्याखाली खाचांतून पाणी पुरेसं बाहेर जात नाही. मागचे बदलायचेच आहेत. पण मागे नवे ऑल-टेरेन १२ मिमीचे आणि पुढे ४ मिमीचे हायवे राहिले तर पुढच्या-मागच्या चाकांच्या व्यासात दीड सेंटीमीटरचा फरक पडतो. टू-व्हीलवर ते चालून जाईल. फोर-हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाला) लावून घट्ट रस्त्यावर गेलात तर तो फरक ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) सोसेल. चारही एकदम घ्या. फारच ओढाताण असेल तर दोन घ्या, ते मागेच लावा, आणि पुढचे येईपर्यंत फोर-व्हील फक्त चिखलात वापरा.

कलमबाग_देवगड

दोघांचेही आभार. काट्यावर जाऊन आलो. मागचा आस भरून १५६० किलो, रिकामा ८५०. चारही बदलायचे ठरवलं. आता हवा किती ठेवायची ते सांगा, कारण घाटवळण म्हणतात तसं आमच्याकडेही मागे कायम ५० असते.

सडा_आणि_कातळ

१५६० म्हणजे एका चाकावर ७८०. साध्या १११ च्या टायरची धरलेली क्षमता ९९०. म्हणजे भारासाठी एलटीची सक्ती नाही, साधाही पुरेल. निवड आता जांभ्यासाठी जाड बाजू हवी की रिकाम्या गाडीला मऊपणा हवा, एवढीच आहे.

साधा घेतलात तर चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रिकाम्या-भरलेल्या गाडीची जी हवा लिहिली आहे तीच ठेवा. एलटीला ती पट्टी लागू होत नाही. तेवढाच भार उचलायला एलटीला साधारण ६ ते १० पीएसआय जास्त लागतात. २४५/७५ आर १६ एलटीचा भार-तक्ता पाहिला तर ४० पीएसआयला साधारण ८५० किलो उचलतो. तेव्हा भरलेल्या गाडीला मागे ४५, रिकाम्या गाडीला मागे ३२ ते ३४, पुढे दोन्ही वेळा ३६ ते ३८. बाजूवर ८० पीएसआय लिहिलेलं असतं ती कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

आकडा बरोबर बसला का हे तपासायला दोन उपाय. टायरवर आडवी खडूची जाड रेघ मारा, सपाट रस्त्यावर शंभरेक मीटर सरळ जा. रेघ फक्त मध्ये पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी. दुसरा: सकाळी थंड टायरची हवा मोजा, अर्धा तास हायवेवर चालवून पुन्हा मोजा. साध्या टायरमध्ये सुमारे ४ आणि एलटीत सुमारे ६ पीएसआय वाढणं ठीक. त्याहून जास्त वाढली तर टायर जास्त लवतोय, म्हणजे हवा कमी आहे.

कोल्हापूरला पेट्या उतरल्या की तिथेच हवा काढा. पण ती गरम टायरची हवा आहे हे धरा: थंड टायरला ३२ हवी असेल तर तेव्हा ३७-३८ वर थांबा. डिजिटल गेज गाडीतच ठेवा, पंपावरच्या काट्यांत फरक असतो.

बागेच्या रस्त्याला रिकाम्या गाडीत २६-२८ पर्यंत उतरवा आणि ताशी २० च्या आत चालवा. वाळूत उतरवतात तशी १८ करू नका. एवढी उतरली की बाजू फुगून बाहेर येते आणि जांभ्याच्या धारेला आयती मिळते. चढणीला चाक फिरायला लागलं की अॅक्सिलरेटर सोडा. जांभ्यावर चाक जागच्या जागी फिरवलं की गोट्यांचे तुकडे उडतात.

रिम_रबर_व्हॉल्व्ह

बसवून घेताना काय बघायचं तेवढं लिहितो.

उत्पादनाची तारीख: बाजूवर ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ही पूर्ण ओळ बहुधा टायरच्या एकाच बाजूला असते, म्हणून बसवण्याआधीच बघा; नंतर ती आत गेली की गाडीखाली वाकावं लागतं. वर्षाच्या आतले मिळाले तर उत्तम, दोन वर्षांपुढचे घेऊ नका. चारही एकाच सुमाराचे असावेत.

मॉडेलमध्ये योकोहामा जिओलँडार ए/टी जी०१५ साध्या आणि एलटी अशा दोन्ही बांधणीत येतो आणि त्यात साइप भरपूर आहेत, तुमच्या कामाला जवळचा. बीएफगुडरिच केओ२ ची बाजू दणकट, पण टायर जड आणि महाग. अपोलो अप्टेरा एटी२, सिएट झार ए/टी हे डांबराकडे झुकणारे, मिळायला सोपे. नावापेक्षा आधी २४५/७५ आर १६ मध्ये कोणता भार-आकडा मिळतो ते विचारा, एकाच नावात तो साइजप्रमाणे बदलतो.

टायर उतरवला की रिम स्वतः बघा. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत टायर जिथे रिमला घट्ट बसतो त्या कडेवर पांढरी भुकटी धरलेली असते. अॅल्युमिनियम खारट हवेने खाल्लं जातं. मासळी वाहणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी मागच्या चाकावर ठिबकून हे जास्त होतं. तसंच ठेवून नवा टायर चढवला की आठवड्याला ४-५ पीएसआय उतरतात आणि पंक्चर काही सापडत नाही. वायर ब्रशने ती कड घासून चकचकीत करा, बीड सीलर (टायरची कड रिमला हवाबंद बसवणारा लेप) लावा, रबरी व्हॉल्व्ह चारही नवे घाला. हबला रिम टेकते तो भागही घासा. तिथे गंज राहिला तर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतं.

नट आधी हाताने लावायचे, मग एक सोडून समोरचा या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याला. एअर गनने कचकचून आवळलेले नट भर पावसात घाटात जॅकवर सुटत नाहीत. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंट त्याच दिवशी.

ऑल-टेरेन टायर पुढे ठेवून घाटात चालवले की गोट्या एका कडेने झिजतात आणि घोंघावायला लागतात. तळहात नक्षीवरून पुढे-मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं की समजा सुरुवात झाली. दर ८ हजार किलोमीटरला मागचे सरळ पुढे आणि पुढचे उलटसुलट मागे घ्या. आडवी करवत लागली, म्हणजे आतून बाहेर, तर टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडलाय, आधी अलाइनमेंट.

कलमबाग_देवगड

जी०१५ एलटी बांधणीत मागवतोय. स्टेपनी जुनीच हायवेची ठेवली तर चालेल? आणि व्हाळापुढच्या चढणीवर ऑगस्टमध्ये कातळाला शेवाळ धरतं, तिथे या टायरांनी फरक पडेल का?

घाटवळण

स्टेपनीची नक्षी किती आहे ते बघा. जुन्या चौघांतला सर्वात चांगला, ४ मिमीवाला, स्टेपनीला टाका. मागे लागली तर टू-व्हीलवरच, ६० च्या आत, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत. पाचवा एलटी घेणं जमत असेल तर तो फेरपालटातही येतो आणि पाचही सारखे झिजतात.

शेवाळावर कुठलाच टायर धरत नाही. रबर आणि दगड यांच्या मध्ये बुळबुळीत थर राहतो, गोट्या तो कापू शकत नाहीत. तिथे जुलैतच लोखंडी ब्रश आणि खराट्याने दोन चाकोऱ्या घासून काढा, वर चुन्याची निवळी नाहीतर ब्लीचिंग पावडर टाका, पण ते पाणी व्हाळात जाणार नाही एवढं बघा. चढताना खालूनच फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू पण जोरात), दुसरा गिअर, गती एकसारखी. खताच्या गोण्या पुढे केबिनला लावून न ठेवता मागच्या आसावर येतील अशा रचा.

रिम_रबर_व्हॉल्व्ह

व्हाळातून गेल्यावर खाचांत अडकलेले जांभ्याचे खडे स्क्रूड्रायव्हरने काढत जा. तसेच ठेवून हायवेवर गेलात की ते आत घुसत जातात, आणि खाली स्टीलच्या पट्ट्यांपर्यंत पाणी पोचलं की टायर आतून गंजतो. बाजूला कुठे फुगा दिसला तर त्या चाकावर पेट्या भरू नका, आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात.