बाई किंवा तृतीयपंथी व्यक्ती सरपंच झाली की गावातली पोरं खरंच बदलतात का?

माणकाठची:
आमच्याकडे सरपंचपदाची आरक्षण सोडत निघाली की पारावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "महिला पडली, पाच वर्षं वाया गेली." मला हे अजिबात पटत नाही. गावाच्या खुर्चीत बाई बसलेली रोज दिसणं हेच वाढत्या पोरापोरींसाठी केवढं मोठं असतं, तिने गटारं किती केली ते नंतर बघू. पश्चिम बंगालच्या ४९५ गावांत ११ ते १५ वयाच्या आठ हजारांवर मुलांना आणि त्यांच्या आईबापांना विचारून केलेला अभ्यास २०१२ साली 'सायन्स' मासिकात आला होता. ज्या गावांत सलग दोन टर्म प्रधानपद, म्हणजे तिथलं सरपंचपद, महिलेकडे राखीव होतं तिथं मुलाने काय व्हावं आणि मुलीने काय व्हावं यातली तफावत आईबापांच्या मनात २० टक्के कमी झाली, पोरांच्या स्वतःच्या मनात ३२ टक्के, शिक्षणातला फरक तर मिटलाच आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ पण घटला. तिथं बायकांसाठी नोकऱ्या वाढल्या होत्या असंही दिसलं नाही. म्हणजे नुसतं समोर दिसण्याचा एवढा परिणाम!

खडूफळा:
ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो म्हणून बोलतोय. बंगालचं बंगालमध्ये, इथं सरपंचपती नावाचं जे चालतं ते पोरं पण बघतात ना? प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या इतिवृत्तावर, सही बाईंची, पंधरा ऑगस्टला भाषण नवऱ्याचं, ग्रामसेवक फोन करणार तो पण नवऱ्यालाच. सातवीतल्या मुलीला यातून काय कळतं? की निवडून आलं तरी बोलायचं नसतं. अशी खुर्ची बघून प्रेरणा मिळते असं मी तरी म्हणणार नाही, उलट नुकसान होतं. महिला ग्रामसभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असा नियम आहे, किती ठिकाणी ती कागदावरच उरकतात ते बघा एकदा.

माणकाठची:
सर, नवरा चालवतो तिथं कोणाची तक्रार नसते हेच सांगतेय मी. बाई स्वतः चालवायला लागली की त्रास सुरू. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या मनीषा पानपाटील यांना अतिक्रमणाचं कारण काढून पदावरून घालवलं होतं, सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत बसवलं आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नाही असं स्पष्ट म्हटलं. दिल्लीपर्यंत लढून जी बाई परत खुर्चीत येते तिला बघून गावातल्या पोरी काही शिकणार नाहीत?

रानवाट:
मी नॉनबायनरी आहे, तालुक्याच्या गावात वाढलेय/वाढलोय, दोन्ही चालतं मला. २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळला ज्ञानदेव कांबळे सरपंच झाले, तृतीयपंथी, आणि तेव्हा थेट निवडणूक होती म्हणजे गावाने स्वतः शिक्का मारून निवडलेलं. ती बातमी आली तेव्हा आमच्या घरात हा विषय पहिल्यांदा शिवीशिवाय निघाला. मग २०२१ ला जळगावच्या भादली बुद्रुकला अंजली पाटील, महिला राखीव जागेवर फॉर्म भरला म्हणून बाद केला होता, औरंगाबाद खंडपीठात गेल्या, निकाल बाजूने आला आणि ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून पण आल्या. मला सरपंच व्हायचं नाहीये. पण आपल्यासारख्या माणसाला शेजारची माणसं मत देऊ शकतात हे सोळाव्या वर्षी कळणं आणि चाळिसाव्या वर्षी कळणं यात फार फरक आहे हो.

कोरडवाहू:
रानवाट, तुमच्याबद्दल आदर आहे, पण दोन गावांची नावं घेऊन किती दिवस काढणार? एखाद्याला डोक्यावर घ्यायचं, हार घालायचा, फोटो टाकायचा की समाज मोकळा. इकडे चिडवाचिडवीला कंटाळून तशी पोरं शाळा सोडतात त्यांचं काय? २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथी ओळख मान्य केली आणि आपल्या पोलीस भरतीच्या फॉर्ममध्ये २०२२ ला सुद्धा रकाना नव्हता, डिसेंबरात हायकोर्टाने खडसावलं तेव्हा झाला. आधी नियम, आधी नोकरी, प्रेरणा आपोआप येते. शिवाय आदर्श म्हणून मिरवायचं ओझं त्याच माणसांवर टाकायचं हे पण बरोबर नाही.

रानवाट:
ओझ्याचं बोललात ते शंभर टक्के खरं, जरा चुकलं की सगळ्यांच्या नावाने खडे फोडतात. पण तो रकाना आला कसा? ज्यांना पोलीस व्हायचं होतं त्याच आधी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेल्या म्हणून ना! कोणीतरी आधी उभं राहिल्याशिवाय नियम बदललाय असं एक उदाहरण द्या. तुम्ही म्हणता तो क्रम मला उलटा वाटतो.

खडूफळा:
ताईंच्या त्या अभ्यासाकडे परत येतो. त्यात फरक पडला तो दोन टर्म झालेल्या गावांत, तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडे आरक्षण फिरतं, एक टर्म झाली की बाई घरी आणि पुन्हा पॅनलवाले पुरुष. मग काय, एकाच गावात दहा वर्षं महिला आरक्षण ठेवायचं म्हणता?

माणकाठची:
हो, ठेवा की! पहिली टर्म तर प्रोसिडिंग, निधी, बीडीओ ऑफिस समजण्यातच जाते.

कोरडवाहू:
आणि उरलेल्या निम्म्या गावांतल्या पोरींनी दहा वर्षं थांबायचं? आज आठ वर्षांची आहे ती तोवर अठराची होईल, कदाचित लग्न पण झालेलं असेल. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे समोर दिसणं महत्त्वाचं ना, मग त्यांना काय दिसणार?

माणकाठची:
हा मुद्दा मान्य, याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. पण आरक्षण संपलं म्हणून बाईने उतरायचं हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? ओपन जागेवर तिला परत उभी करा, अडवतं ते पॅनल. कोणाच्या तालुक्यात राखीव टर्म संपल्यावर तीच बाई ओपनमधून सरपंच झाली असेल तर गावाचं नाव टाका, आणि तिथल्या हायस्कूलच्या पोरी काय म्हणतात ते पण लिहा.