शोपाँचे पहिले बॅलड: शेवटच्या पानांवर हात का आखडतो?

प्रश्न (दादर):
नमस्कार. संगीतकार शोपाँचे जी मायनर या स्वरसप्तकातील पहिले बॅलड (कथा सांगितल्यासारखी पियानोरचना), ओपस म्हणजे रचनाक्रमांक २३, मी आठ महिन्यांपासून पियानोवर बसवते आहे. स्वर पाठ झाले आहेत. मात्र अखेरचा 'प्रेस्टो कॉन फुओको' (अतिजलद, आवेशाने वाजवायचा भाग) सुरू झाला की थोड्याच वेळात उजवे मनगट आखडते. आमच्या बाईंचे म्हणणे असे, की त्याआधीचा भागही स्वच्छ वाजतो, पण काही सांगत नाही. या दोन दोषांचा एकमेकांशी संबंध असेल का?

उत्तर (विलेपार्ले):
नक्कीच आहे. हा शेवट २०८व्या बारला (बार म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक खंड) सुरू होतो आणि त्याच्या अगदी तोंडाशी 'शक्य तितक्या जोराने' अशी सूचना आहे, त्यामुळे सगळी ताकद तिथेच ओतून आपण आवळलेल्या हाताने पुढे जातो. माझेही असेच होत असे. मग २०७वा बार संपला की हात मांडीवर ठेवायचे, खांदा सैल झाला का ते पाहायचे आणि मगच पुढचे दोन बार निम्म्या वेगाने वाजवायचे, एवढेच मी तीन आठवडे केले. डाव्या हाताच्या उड्या वेगळ्या बसवा. त्या चुकण्याची धास्ती उजव्या हातात उतरते.

मात्र मूळ दुखणे आधीचे असावे. दुसरी सुरावट ६८व्या बारला ई फ्लॅट मेजरमध्ये अतिशय हळुवार येते, १०६व्या बारला ए मेजरमध्ये पूर्ण जोरात आणि १६६व्या बारला पुन्हा ई फ्लॅटमध्ये. पहिल्याच वेळी ती भरदार वाजली, तर पुढे वाढवायला काही उरत नाही आणि मग माणूस मनगटाने रेटू लागतो.

उत्तर (गिरगाव):
मी आधी गाणे शिकले, म्हणून त्या अंगाने लिहिते. जी हा षड्ज मानला, तर आरंभीचे 'लार्गो', म्हणजे अतिसंथ भाग, ए फ्लॅटच्या, म्हणजे कोमल रिषभाच्या, स्वरसंघातावर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) उभे आहे. आपण घराबाहेरून आत येतो आणि षड्ज मिळायला सात बार थांबावे लागते. सातव्या बारमधला ई फ्लॅट स्वरलिपीच्या काही जुन्या छापील आवृत्त्यांनी डी असा 'दुरुस्त' केला होता. तो ई फ्लॅटच ठेवा आणि टोचू द्या, कारण ती ओढ कानाला जाणवली नाही तर पुढची गोष्ट सुरूच होत नाही. शोपाँ शिष्यांना डाव्या हाताने लय धरायला सांगत असे. आपल्याकडे ठेका चालू असताना गवई जसा मागेपुढे होतो, तसा उजवा हात मोकळा सोडा.

प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल ६८व्या बारपासून फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकले. मी ज्याला हळुवार समजत होते, तो आवाज खिडकीबाहेरच्या पावसावरही सहज ऐकू येत होता. आता आधी तो भाग, केवळ डाव्या हाताने, पुन्हा बसवते आहे.