'कॉन्फ्लिक्ट'ला मराठीत काय म्हणावं? संघर्ष, तंटा, वांधा...

माहुलीकर:
सातारा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दोन संगणक आहेत, दोन्हींवर उबंटू २२.०४, म्हणजे संगणक चालवणारी मोफत लिनक्स प्रणाली. परवा पहिला २४.०४ वर न्यायला बसलो. अपग्रेडचा हिशेबच जमेना, म्हणून हातानं एकेक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं पुडकं, घालून बघायला गेलो, तर पडद्यावर ओळ आली: 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस'. ग्रंथपाल काका शेजारी उभे होते. चष्मा वर करून त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "मी काही धरून ठेवलेलं नाही बाबा. आणि मोडकं तर नाहीच नाही."

पुढच्या वेळी मी गावात नसलो तर अडू नये म्हणून त्यांच्यासाठी मराठीत एक पान लिहितोय. 'कॉन्फ्लिक्ट'पाशी, म्हणजे दोन पॅकेजं एकमेकांना चालत नाहीत त्या प्रकारापाशी, थांबलोय. भाषांतरांत 'संघर्ष' दिसतो. पण 'पॅकेज संघर्ष' असं लिहिलं तर काका विचारतील, मोर्चा कुठून निघणार आहे? दुसरा शब्द सुचवा.

शब्दमाळी:
संघर्ष म्हणजे मुळात घासणं. घर्षण आणि संघर्ष एकाच धातूतून आलेत. तेवढाच अर्थ राहिला असता तर शब्द वाईट नव्हता. पण आपल्या भागात संघर्ष म्हटलं की आटपाडीकडची पाणी संघर्ष चळवळ आठवते. त्यात माणसं लागतात, वर्षं लागतात. मी 'तंटा' म्हणेन. २००७ साली सरकारनं गावोगाव मोहीम काढली ती तंटामुक्त गावाची, संघर्षमुक्त गावाची नव्हे. तंटा मिटवायचा असतो, आणि तुम्हालाही मिटवायचाच आहे.

हरिपूरकर:
वांधा! सांगलीत मार्केट यार्डात कुणालाही सांगा, 'पॅकेजचा वांधा झालाय'. लगेच कळेल.

माहुलीकर:
दादा, कळेल हे खरं, पण काय कळेल? वीज गेली तरी वांधा, प्रिंटरची शाई संपली तरी वांधा. 'तंटा' पानावर टिपून ठेवलाय.

बांधकरी:
मी कऱ्हाडजवळ शेती करतो आणि लिनक्स वापरतो, दोन्ही तोट्यात. तंटा ठीक, पण नेमका कुठला तंटा ते सांगायला हवं. डेबियनवर आणि त्यावरून बनलेल्या उबंटूवर नेहमी येणारी एक चूक बघा: नवं पॅकेज उलगडताना डीपीकेजी, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन, म्हणतं, मी अमुक फाइल लिहायला गेलो, पण ती आधीच तमुक पॅकेजच्या नावावर आहे. हे शुद्ध बांधाचं भांडण आहे. जमीन एक, दावेदार दोन. अशा वेळी आपण आधी सातबारा काढतो. डीपीकेजीलाही 'ही फाइल कुणाची' असं विचारता येतं, तो त्याचा सातबारा. मग एकाला उठवायचं किंवा दोघांची नवी मोजणी होईपर्यंत थांबायचं.

लोक घाईत तिसराच मार्ग धरतात. फाइल बळजबरीनं वरून लिहून टाकायचा पर्याय देतात. त्याला आमच्याकडे 'बांध कोरणं' म्हणतात. दरवर्षी नांगर वीतभर आत घालायचा. त्या वर्षी काही होत नाही. पुढं कधीतरी दुसरं पॅकेज काढलं की ती फाइलही त्याच्याबरोबर जाते, आणि पहिलं लंगडं होतं.

माहुलीकर:
'बांध कोरणं' उचलला! दुसऱ्या संगणकावर अगदी हेच झालं होतं. एका मराठी फॉन्टचं पुडकं कुणीतरी बाहेरून आणून टाकलेलं, आणि उबंटूचं फॉन्टचं पॅकेज त्याच जागी तीच फाइल ठेवायला आलेलं. बाहेरचं काढलं, गाडी पुढे गेली.

पुडकीवाला:
मी डेबियनची पॅकेजं बांधतो, म्हणून जरा हरकत घेतो. तुम्ही सगळे भांडण झाल्यानंतरचा शब्द शोधताय. पॅकेजच्या माहितीपत्रकात 'कॉन्फ्लिक्ट्स' नावाचा एक रकानाच असतो, आणि तिथे कुणी भांडत नसतं. बांधणाऱ्यानं आधीच लिहून ठेवलेलं असतं की हे आणि ते एका यंत्रावर नको. तो तंटा नव्हे, तो निषेध. वैद्य लिहून देतो ना, दुधाबरोबर मासे वर्ज्य, तसं. माझा शब्द 'वर्ज्य'.

सर्वांत चांगलं उदाहरण पोस्टफिक्स आणि एक्झिम४ यांचं. दोघंही ई-मेलचं टपाल पोचवणारे प्रोग्रॅम. दोघंही सांगतात की मी टपालवाल्याचं काम करतो, आणि दोघंही सांगतात की दुसरा टपालवाला मला चालत नाही. गावात पाटील एकच. एक बसवायला गेलात तर एपीटी, म्हणजे कुठलं पॅकेज घालायचं नि काढायचं याचा हिशेब करणारं साधन, दुसऱ्याला उठवायचं ठरवतं, आणि उठवण्याआधी तुम्हाला विचारतं. ती यादी न वाचता 'हो' दाबलंत तर तो दोष पाटलाचा नाही.

त्याच पत्रकात 'ब्रेक्स' हा वेगळा रकाना असतो, आणि त्याचा जोर कमी असतो. 'कॉन्फ्लिक्ट्स' असेल तर एक निघाल्याशिवाय दुसरं उलगडतच नाही. 'ब्रेक्स' असेल तर घरात दोघं राहू शकतात, पण जुन्याला तोवर कामाला लावत नाहीत. 'संघर्ष' म्हणून टाकलंत की हा फरक बुडाला.

शब्दमाळी:
'ब्रेक्स'ला 'खोळंबा' चालेल? याच्यामुळे त्याचा खोळंबा होतो.

पुडकीवाला:
अहो, फार छान. आणि 'डिपेंड्स'ला ते 'अवलंबित्व' नको. याची 'मदार' त्याच्यावर.

मिरज जंक्शन:
हे सगळं मालकीचं नि मनाईचं झालं. पण बहुतेक वेळा भांडण नसतंच, माप जुळत नसतं. आमच्या मिरजेत एके काळी तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळायचे: ब्रॉड, मीटर आणि नॅरो. एका गाडीतला माल दुसऱ्या गाडीत उतरवून भरावा लागायचा. म्हणून मीटरगेजनं ब्रॉडगेजशी 'संघर्ष' केला असं कुणी म्हटलं नाही. गेज जुळत नाही, एवढंच.

उबंटू २४.०४ मध्ये तर खरोखरच गेज बदललंय. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारा जुना ३२ बिटांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं झालेली असतील. म्हणून तो ६४ बिटांचा केला, आणि ज्या लायब्रऱ्यांना, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या गठ्ठ्यांना, त्याची झळ लागणार त्यांच्या नावापुढे टी६४ लावलं. 'लिबएसएसएल३' होतं ते 'लिबएसएसएल३टी६४' झालं. गंमत म्हणजे आपल्या नेहमीच्या ६४ बिटांच्या यंत्रांवर तो आकडा आधीपासूनच ६४ बिटांचा होता, तरी पाटी तिथलीही बदलली. आता जुनं नाव आणि जुनी आवृत्ती नेमकी तीच हवी म्हणून अडून बसलेलं एखादं बाहेरचं पॅकेज असलं, की गाडी फलाटावरच.

माहुलीकर:
पहिल्या संगणकाचं दुखणं याच जातीचं निघालं. बाहेरच्या भांडारातून, म्हणजे उबंटूच्या नसलेल्या पॅकेजसाठ्यातून, कधीतरी एक नवी लायब्ररी घातली होती. अपग्रेड करताना उबंटू बाहेरची भांडारं बंद करतं, पण तिथून आलेला माल घरातच राहतो. त्या मालाचा आवृत्ती क्रमांक २४.०४ मधल्यापेक्षा मोठा. त्यामुळे एपीटी आपण होऊन खाली यायला तयार नाही, आणि बाकीच्यांची मदार नेमक्या खालच्या क्रमांकावर. ती लायब्ररी हातानं खाली आणली, तेव्हा हिशेब जमला. हे अपग्रेडच्या आधी करायचं असतं, ते मला रात्री साडेअकराला समजलं.

हरिपूरकर:
घरातलाच, पण मोठा होऊन परत आलेला आणि वाटणीला अडून बसलेला. याला भाऊबंदकी म्हणायचं!

बांधकरी:
हरिपूरकर, आता बोललात.

मिरज जंक्शन:
विनोद म्हणून झकास. पानावर लिहू नका. काकांना त्यांच्या भावाची आठवण यायची.

वाईच्या सिस्टर:
मी निवृत्त परिचारिका, संगणकातलं जेवढ्यास तेवढं कळतं. पण मूळ ओळ राहिलीच की. 'हेल्ड'ला काय म्हणणार? 'धरून ठेवलेली' म्हटलं की तुमच्या काकांसारखं चोरीचा माल सापडल्यासारखं वाटतं.

माहुलीकर:
ताई, बरोबर. त्यात आणखी घोटाळा असा की एखादं पॅकेज मुद्दाम रोखून ठेवायची सोय खरंच आहे. मी रोखलेल्यांची यादी मागितली तर ती रिकामी आली. म्हणजे कुणी काही रोखलेलं नसतानाही ही ओळ येते.

वाईच्या सिस्टर:
मग 'अडलेली' म्हणा. कुणी अडवली असं त्यात येत नाही. बाळंतीण अडते, तिला कुणी अडवत नाही.

पुडकीवाला:
सिस्टर, हा शब्द त्या ओळीपेक्षा दुसरीकडे जास्त चपखल बसतो. मध्येच वीज गेली तर पॅकेज उलगडलेलं असतं पण मांडलेलं नसतं. ना आत, ना बाहेर. ती खरी अडलेली. तेव्हा डीपीकेजीला 'राहिलेली सगळी मांडून घे' असं सांगायचं, मग एपीटीला 'मोडलेलं सांध' म्हणायचं. याच क्रमानं.

वाईच्या सिस्टर:
म्हणजे तुमचं डीपीकेजी सुईण झालं.

माहुलीकर:
पान तयार झालं. फाइलवरून दोन दावेदार: बांधाचा तंटा. पत्रकातच मनाई: वर्ज्य. आवृत्ती पटत नाही: गेज जुळत नाही. त्या ओळीला आणि अर्धवट राहिलेल्याला, दोन्हींना तूर्त 'अडलेली'. पुडकीवाले, माफ करा, काकांना दोन शब्द जड जातील. 'संघर्ष' कुठेच नाही.

आज सकाळी काकांना वाचून दाखवलं. 'गेज'ला मान डोलावली, ते कोरेगावला रेल्वे फाटकाजवळ वाढलेत. 'तुमच्याकडे अडलेली पॅकेजं आहेत' इथं थांबले आणि म्हणाले, "माझ्याकडे कशाला? संगणकाकडे म्हण."