मोफत सीएच ७०१ : पूर्ण थ्रॉटलवरही टॅकोमीटर २,३०० च्या पुढे जात नाही

धावपट्टी (प्रश्न):
नमस्कार. फ्लाइट सिम्युलेटर एक्स या विमानोड्डाणाच्या संगणक खेळासाठी झेनिथ सीएच ७०१ या किट विमानाचे (सुटे भाग आणून स्वतः जोडायचे विमान) एक मोफत अ‍ॅड-ऑन (खेळात वरून जोडायची भर) मी नुकतेच डाउनलोड केले आहे. बाह्यरूपाचे काम इतके मन लावून केले आहे की पंखाच्या पुढच्या कडेवरचा स्थिर स्लॅट (आडवी पट्टी) आणि पंख यांच्यामधल्या फटीतून पलीकडचे गवत दिसते आणि शेपटीच्या पत्र्यावरचे रिव्हेटही मोजता येतात. उड्डाणाने मात्र निराशा केली. अगदी थोडक्या अंतरात जमीन सोडण्यासाठी ख्याती असलेले हे विमान समुद्रसपाटीवर, एकटा वैमानिक आणि अर्धी टाकी इंधन असतानाही, धावपट्टीवर लांबच लांब धावते आणि वर गेल्यावर मिनिटाला जेमतेम २५० फूट चढते. पूर्ण थ्रॉटलवर टॅकोमीटरचा (मिनिटाला होणारे फेरे दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा २,३०० च्या आसपास थांबतो. तबकडी मात्र ७,००० पर्यंत आखलेली असून ५,८०० वर लाल रेघ आहे. मिक्स्चरचा (हवा-इंधनाचे प्रमाण बदलणारा) लिव्हर मागेपुढे करून काहीही फरक पडला नाही. दोष अ‍ॅड-ऑनमध्ये आहे की माझ्या सेटिंगमध्ये, आणि तो आपल्याला दुरुस्त करता येण्याजोगा आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रिव्हेट:
लाल रेघ ५,८०० वर आहे, म्हणजे अ‍ॅड-ऑनच्या कर्त्याला रोटॅक्स ९१२ इंजिन अभिप्रेत आहे. १,२११ घनसेंटिमीटरचे हे छोटे इंजिन ८० अश्वशक्ती देते ती वेगाने फिरूनच. ५,८०० फेरे जास्तीत जास्त पाच मिनिटे आणि सलग चालवायचे असेल तर ५,५०० ही त्याची मर्यादा आहे. एवढ्या वेगाने प्रोपेलर फिरवला तर पात्यांची टोके ध्वनीच्या वेगापलीकडे जातील, म्हणून मध्ये २.२७३ ला १ या प्रमाणाचा गिअरबॉक्स बसवलेला असतो आणि इंजिन ५,८०० वर असताना प्रोपेलर साधारण २,५५० फेरे घेतो. सेसनासारख्या विमानात प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) असल्यामुळे असा गिअरबॉक्स नसतो. मोफत विमाने बनवणारे बहुतेक जण सिम्युलेटरमधल्याच एखाद्या विमानाची फाइल घेऊन तीत आकडे बदलत जातात, आणि माझा कयास असा की इथे इंजिनाचे आकडे बदलले गेले, पण प्रोपेलरचा भाग तसाच राहिला. विमानाच्या फोल्डरमधली ‘एअरक्राफ्ट.सीएफजी’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून प्रोपेलर विभागात ‘गिअर रिडक्शन रेशो’ समोर काय लिहिले आहे ते पाहा. तिथे १.० असेल तर मोठा प्रोपेलर थेट इंजिनाच्या मानेवर बसला आहे असे समजा. २,३०० च्या पुढे तो फिरवण्याइतकी ताकद इंजिनात नाही, आणि एवढ्या कमी फेऱ्यांवर ८० पैकी निम्मी अश्वशक्तीही मिळत नाही.

मागचीसीट:
रिव्हेट यांचे निदान पटण्यासारखे असले तरी फाइलला हात लावण्यापूर्वी एक शंका फेडून घ्यावी. सिम्युलेटरमध्ये इंजिनाचे फेरे आणि प्रोपेलरचे फेरे ही दोन वेगळी मूल्ये आहेत आणि पॅनेल दुसऱ्या विमानातून उचललेले असेल तर काटा प्रोपेलरचे फेरे दाखवत असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास २,३०० म्हणजे इंजिनाचे सुमारे ५,२३० फेरे होतात, म्हणजे इंजिन अगदी ठणठणीत आहे आणि दुखणे दुसरीकडेच आहे. पारख सोपी आहे. थ्रॉटल पूर्ण मागे घ्या. रोटॅक्स ९१२ चे आयडलिंग (थ्रॉटल पूर्ण मागे असतानाचे फेरे) १,४०० च्या खाली जाऊ देत नाहीत, तेव्हा काटा त्याच्या आसपास किंवा वर स्थिरावला तर तो इंजिनाचा आहे आणि सहाशे-सातशेवर आला तर प्रोपेलरचा. जाता जाता इंधन आणि वजनाची खिडकीही उघडून पाहा. या विमानाचे रिकामे वजन सुमारे ५८० पौंड आणि कमाल वजन १,१०० पौंड आहे. फाइल चार आसनी विमानाची असेल तर प्रत्येकी १७० पौंडांचे न दिसणारे तीन प्रवासी अजून आत बसलेले असतील.

मिक्स्चरच्या लिव्हरचे मनावर घेऊ नका. खऱ्या ९१२ मध्ये तो नसतोच. त्याचे दोन कार्ब्युरेटर उंचीनुसार मिश्रण स्वतःच जुळवून घेतात. वास्तवतेच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक मिक्स्चर चालू ठेवावे, म्हणजे प्रश्न मिटला.

धावपट्टी:
दोघांचेही आभार. आयडलिंगला काटा १,५०० वर थांबला, म्हणजे तो इंजिनाचाच होता. वजनाच्या खिडकीत दोनच आसने आहेत. फाइलमध्ये रेशो १.० निघाला, तो २.२७३ केला, पण सुरुवातीला काहीच बदलले नाही, कारण विंडोजने प्रोग्रॅम फाइल्समधली मूळ फाइल तशीच ठेवून माझी दुरुस्त प्रत भलत्याच फोल्डरात नेऊन ठेवली होती. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर बदल लागू झाला. आता विमान जागेवर उभे असतानाच काटा ५,७०० पर्यंत जातो, आणि वर गेल्यावर नाक किंचित खाली केले की लाल रेघ ओलांडतो. शिवाय नाक सोळा-सतरा अंशांवर गेले की विमान स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल एकदम कमी होते. थ्रॉटल बंद केल्यावर तर ते दगडासारखे खाली येते. हेही आकड्यांचेच दोष आहेत का?

रिव्हेट:
पहिला नक्कीच. त्याच विभागात प्रोपेलरचा व्यास फुटांमध्ये आणि पात्यांचा स्थिर कोन अंशांमध्ये दिलेला असतो. व्यास खऱ्या विमानाइतका, म्हणजे पावणेसहा ते सहा फुटांच्या दरम्यान आहे ना ते आधी पाहा, कारण प्रोपेलर घेत असलेली शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते आणि सहा इंचांच्या फरकाने सगळे गणित कोलमडते. व्यास बरोबर असेल तर पात्यांचा कोन एकेक अंशाने वाढवत जा आणि उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला काटा ५,००० ते ५,२०० मध्ये आला की थांबा. दोन्ही आकडे एकाच वेळी बदलू नका. कशाने काय झाले ते मग कळत नाही.

मागचीसीट:
स्टॉलचे कारण विमानाच्या फोल्डरमधल्या ‘एअर’ फाइलमध्ये आहे. अँगल ऑफ अटॅकनुसार (पंख समोरून येणाऱ्या हवेशी करतो त्या कोनानुसार) लिफ्ट (उचल) किती मिळेल हे त्या फाइलमधले ४०४ क्रमांकाचे टेबल ठरवते आणि तिथे साध्या पंखाची वक्ररेषा राहिली असावी. स्लॅटच्या फटीतून वर येणारी हवा पंखाच्या पाठीवरचा प्रवाह टिकवून धरते, त्यामुळे सीएच ७०१ चा पंख सर्वसाधारण पंखापेक्षा बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत स्टॉल होत नाही. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडत नाही. एअरएड हे मोफत साधन त्यासाठी लागते. वक्ररेषेचे शिखर उजवीकडे सरकवताना त्याची उंचीही त्या प्रमाणात वाढवावी लागते, आणि मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवणे अत्यावश्यक आहे.

थ्रॉटल बंद केल्यावर खाली येण्याला मात्र हात लावू नका, कारण या अ‍ॅड-ऑनमधली कदाचित तीच गोष्ट सर्वांत खरी आहे. जाड पंख, कायमचे स्लॅट आणि मोठी चाके यांमुळे हवेचा रोध भरपूर असतो. विमान इतके हलके की साठलेला वेग क्षणात संपतो. शक्ती गेली की नाक ताबडतोब खाली करायचे आणि जमिनीजवळ थोडी शक्ती राखूनच उतरायचे, असेच ते उडवतात.

दुरुस्त केलेल्या फाइल इतरांना देण्याचा विचार असेल तर सोबतची रीडमी (माहितीची फाइल) आधी वाचावी. अ‍ॅड-ऑन मोफत असले तरी हक्क कर्त्याकडेच राहतात, आणि बरेच कर्ते परवानगीशिवाय पुन्हा अपलोड करू देत नाहीत. फाइलऐवजी बदललेले आकडे इथे लिहून ठेवलेत तर ती अडचण येणार नाही, आणि कर्त्यालाही ते कळवता येतील.