तिखाडी (रोशा गवत) काही केल्या रुजत नाही, मदत हवी आहे

नवतपा संपला, मृगाच्या आधी विचारून घेते. नागपुरात हिंगणा रोडकडे घर आहे. मागे मुरमाचा उतार, दर पावसाळ्यात थोडाथोडा वाहून जातो. तिथे लॉन नको (मे महिन्यात त्याला पाणी कुठून पाजू?), तिखाडी लावायची आहे. काटोलकडे मामांच्या शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) ती डोक्याएवढी वाढते, निबर झाली की ढोरंही तोंड लावत नाहीत.

डिसेंबरात तिथूनच वाळलेले तुरे आणले, त्याच आठवड्यात ट्रेमध्ये बी पसरलं, वर बोटभर माती. महिनाभरात तीन कोंब! पान चुरगाळून पाहिलं, तर दोन साधंच गवत. तिसऱ्याला मात्र तो गुलाबासारखा, जरा तिखट वास. हात धुऊनही जेवताना बोटांना येत होता. तोच सासूबाईंनी तण म्हणून उपटला.

एप्रिलात मामांनी ठोंब पाठवला. काळ्या मातीच्या कुंडीत लावला, पाणी साचत राहिलं. आता मधला गाभा ओढला की हातात येतो, कडेचे पाच-सहा फुटवे हिरवे आहेत. ते आत्ताच फोडू का? आणि कागदी पिशवीतलं उरलेलं बी चालेल का? नर्सरीत विचारलं, तर गवती चहा हातात ठेवला.

उत्तर: ताई, बी फेकू नका. ताजं बी नीट उगवत नाही, त्यात थंडीत पेरलंत. आता उलट बरं येईल. तळहातावर चोळून फुंकर मारा, पोकळ भुसा उडेल. दहापट बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर पसरा आणि नुसतं दाबा. बोटभर मातीखालून एवढंसं बी वर येत नाही. पाणी झारीनंच. महिना-दीड महिन्यात रोपं उतारावर न्या. ठोंबाचा सडका भाग आजच काढा, पण फोडायला मुरूम खोलवर भिजू द्या. मग मुळांसकट दोन-दोन फुटवे, पानं वीतभर ठेवून छाटलेली, उताराला आडव्या ओळीत लावा.

प्रश्नकर्ती: धन्यवाद दादा! तिखाडीच्या दोन प्रकारांपैकी ही मोतिया की सोफिया, कसं ओळखू?

उत्तर: दिसायला दोन्ही सारख्याच. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर, सोफिया दाट ओलसर जागी. मोतियाच्या तेलात जेरॅनिऑल (गुलाबासारखा वास देणारा घटक) जास्त, म्हणून अत्तरवाले तीच मागतात. धुऱ्यावरची असेल तर मोतियाच असावी. वाफ्यावर पाटी तेवढी लावा, सासूबाईंना दिसेल अशी.