जुन्या लेन्स मिररलेसवर लावतोय, शटरच पडत नाही आणि अ‍ॅपर्चरही बंद होत नाही, मदत हवी

नवाछंद:
नमस्कार मंडळी. काकांनी त्यांच्या फिल्मच्या दिवसांतल्या तीन लेन्स मला दिल्यात, सुपर टाकुमार ५० एफ/१.४, हेलिओस ४४-२ आणि कॅननची एफडी १३५ एफ/३.५. पहिल्या दोन एम४२ म्हणजे आट्यांच्या आहेत. माझ्याकडे सोनी ए६६०० हा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा आहे म्हणून एम४२ चा एक साधा अ‍ॅडॉप्टर मागवला, लेन्स छान बसली, स्क्रीनवर चित्रही दिसतंय पण शटरचं बटण दाबलं की काहीच होत नाही, कॅमेरा म्हणतो लेन्स नीट लावा. दुसरं म्हणजे टाकुमारची अ‍ॅपर्चर रिंग (उजेड आत येण्याचं भोक लहान-मोठं करणारी) कितीही फिरवली तरी आतली पाती जागची हलत नाहीत. ती एफडीवाली तर या अ‍ॅडॉप्टरवर बसतच नाही, तिच्यासाठी वेगळा घ्यावा लागेल का एकच सगळ्यांना चालणारा काही मिळतो? आणि टाकुमारची काच चहासारखी पिवळी पडलीये, ती खराब झाली असं समजायचं का? काकांनी इतकी वर्षं जपून ठेवलेल्या आहेत त्यामुळे उगाच काही उघडून बसायच्या आधी विचारतोय.

भिंगवेडा:
आधी शटरचं सांगतो कारण ते एका मिनिटाचं काम आहे. साध्या अ‍ॅडॉप्टरला विजेचे टोक नसतात, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं समोर लेन्सच नाही. मेनूत 'रिलीज विदाऊट लेन्स' असं सेटिंग आहे ते चालू कर, झालं. नंतर मोड ए ठेव, म्हणजे अ‍ॅपर्चर तू लेन्सवर हाताने लावायचं आणि शटर स्पीड कॅमेरा ठरवेल. स्क्रीनवर एफचा आकडा दिसणार नाही, फोटोच्या माहितीतही येणार नाही, ते नॉर्मल आहे.

आता अ‍ॅडॉप्टरचं. प्रत्येक माउंटला, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडाला, लेन्सच्या बुडापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं एक ठरलेलं अंतर असतं. एम४२ ला ते ४५.४६ मिमी आहे, कॅनन एफडीला ४२, आणि तुझ्या सोनी ई माउंटला फक्त १८. जुन्या एसएलआरमध्ये मधे आरसा हलायला जागा लागायची म्हणून ही अंतरं एवढी मोठी, आरसा गेला आणि ती सगळी जागा मोकळी झाली. तेवढीच जागा भरणारी नळी म्हणजे अ‍ॅडॉप्टर, बाकी त्यात काचबिच काही नाही. एम४२ साठी नळी २७.४६ मिमीची लागते आणि एफडीसाठी २४ ची, म्हणून एकच दोघांना चालणार नाही, एफडीचा वेगळाच घे. डीएसएलआरच्या, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळात हेच दुखणं होतं, निकॉन एफचं अंतर ४६.५ म्हणजे एम४२ पेक्षा जास्त, तिथे मधे काच घातल्याशिवाय लांबचा फोकस मिळायचाच नाही आणि ती काच बहुतेक वेळा सगळी मजा घालवायची. मिररलेसवर हा त्रास उरलाच नाही, मला तर जुन्या लेन्सना दुसरा जन्म मिळाला असंच वाटतं.

फिल्मवाली:
टाकुमारच्या अंगावर, अ‍ॅपर्चर रिंगच्या मागे एक छोटं सरकबटण असेल, ए आणि एम लिहिलेलं. ते एम वर कर. ए वर असताना मागची बारीक पिन दाबल्याशिवाय पाती बंद होत नाहीत, जुन्या कॅमेऱ्यात ती पिन फोटो काढताना बॉडी दाबायची. काही अ‍ॅडॉप्टरना आतून कडा असते ती पिन कायम दाबून धरते, तुझ्यात ती नसावी असं दिसतंय. हेलिओसला हा प्रश्न नाही, तिला दोन रिंगा आहेत, एकीने आकडा ठरवायचा आणि दुसरीने उघडायचं-मिटायचं.

एफडीचा अ‍ॅडॉप्टर येईल तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते, कारण माझे पहिले दोन दिवस त्यातच गेले होते. जुन्या पद्धतीच्या एफडी लेन्सची पाती हातात असताना हलतच नाहीत, ती बिघडलीये असं समजू नकोस. अ‍ॅडॉप्टरवर एक फिरणारी रिंग असते ओपन आणि लॉक लिहिलेली, लॉकवर नेली की आतली दांडी सरकते आणि पाती रिंगप्रमाणे चालायला लागतात. लेन्सची रिंग ए वरून काढून आकड्यावर ठेव म्हणजे झालं.

पिवळेपणाबद्दल अजिबात घाबरू नकोस. त्या लेन्सच्या एका काचेत थोरियम असतं, जास्त वळवणारी आणि रंग कमी फाकवणारी काच करायला तेव्हा ते वापरायचे, आणि त्याच्याच किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं हळूहळू पिवळी होत जाते. उलट करायला अतिनील प्रकाश लागतो. खिडकीत ऊन येतं तिथे ठेव किंवा युव्ही एलईडीखाली, मागच्या बाजूने प्रकाश जाऊ दे आणि समोर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लाव, काही दिवस ते काही आठवडे लागतात. उन्हात ठेवताना मात्र नीट लक्ष दे, लेन्स म्हणजे भिंगच आहे, ऊन एकवटून पडद्याला नाहीतर कागदाला आग लागू शकते. लेन्स वापरण्यात धोका नाही, फक्त ती काच घासू किंवा फोडू नकोस.

आणि हो, अंधारात टॉर्च मारून तिन्ही लेन्सच्या आत एकदा बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, पात्यांवर चकाकी दिसली तर तेल.

नवाछंद:
ताई, भिंगवेडा दादा, खूप खूप आभार! शटर पडलं, टाकुमारची पातीही चालू झाली, ते सरकबटण मी चार दिवस नुसतं बघत होतो. टॉर्च मारली, बुरशी कुठेच नाही. आता नवीन अडचण. जवळचे फोटो अप्रतिम येतायत पण लांबचं काहीही, डोंगर, मनोरे, चंद्र, फोकस रिंग शेवटपर्यंत नेली तरी मऊच. दोन्ही लेन्सवर तसंच. हातातून काढले तर अजून हलतात, स्थिरीकरणात (सेन्सर हलवून हाताच्या थरथरीची भरपाई करतं ते) मी ७५ टाकलंय कारण क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फिल्मपेक्षा लहान सेन्सरवर, ५० ची ७५ होते ना?

सावली:
७५ नाही, ५० च टाक. क्रॉपमुळे दृश्य ७५ सारखं अरुंद दिसतं पण लेन्सची नाभीय लांबी (लेन्सवरचा मिमीचा आकडा) ५० च राहते, आणि सेन्सर किती हलवायचा ते त्या लांबीवर ठरतं. ७५ टाकलंस की कॅमेरा गरजेपेक्षा जास्त भरपाई करतो. हेलिओस ५८ ची आहे, ती लावलीस की ५८ कर, कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही, मी अजूनही कधीकधी बदलायला विसरते आणि अख्खी दुपार वाया जाते.

लांबच्या फोकसचं मला वाटतं अ‍ॅडॉप्टर जाड आहे. दोन वेगवेगळ्या लेन्सना एकच दुखणं म्हटल्यावर दोन्ही लेन्स एकाच वेळी बिघडल्या असतील हे पटत नाही. हिशोब करून बघ, नळी ०.१ मिमी जरी जास्त लांब असली तरी ५० ची लेन्स अनंताच्या खुणेवर (रिंगवरची सगळ्यात लांबच्या फोकसची खूण) खरं तर २५ मीटरवर फोकस करते. तेवढ्याच चुकीने २८ ची लेन्स ८ मीटरच्या आतच अडकते, आणि तुझी १३५ मात्र १८० मीटरच्या पुढे जाते म्हणून तिच्यावर कदाचित कळणारही नाही. तपासायला अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेव, रिंग शेवटाला ने, आणि स्क्रीनवर मोठं करून बघ की वीस-पंचवीस मीटरवरची वस्तू टोकदार दिसते का. दिसली तर चूक पक्की. रंगीत कडांवर, म्हणजे फोकस पीकिंगवर, एफ/१.४ ला विसंबू नकोस, मोठं करूनच बघ.

भिंगवेडा:
सावलीला +१. म्हणूनच बरेच जण अ‍ॅडॉप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवतात, मग अनंताचा फोकस खुणेच्या किंचित आधीच मिळतो. ते चालतं, लेन्सवरचे अंतराचे आकडे थोडे खोटे पडतात एवढंच. आखूड असेल तर आत पातळ पत्रा घालून जुळवता येतं पण जाड असेल तर घरी घासत बसू नकोस, तिरका घासला गेला की फोटोची एक बाजू कायमची मऊ. बदलूनच घे. नवीन आला की आतून बघ, चकचकीत असेल तर उजेडासमोर कॉन्ट्रास्ट पडतो, आत काळं मखमली कापड चिकटवलं की फरक लगेच कळतो.

फोकल रिड्यूसर (दृश्य रुंद करणारी काच असलेला अ‍ॅडॉप्टर) घेऊ का असा पुढचा प्रश्न येईलच तुझा, तर मी नको म्हणेन, पुन्हा मधे काच आली.

फिल्मवाली:
इथे मी थोडी वेगळी आहे दादा. ०.७१ पटीचा चांगला रिड्यूसर एक स्टॉप उजेड वाढवतो, म्हणजे दुप्पट करतो, आणि दृश्य जवळजवळ फुल फ्रेमइतकं (फिल्मएवढ्या सेन्सरइतकं) रुंद करतो, हेलिओसची ती भोवऱ्यासारखी फिरणारी पार्श्वभूमी कडांनाच असते आणि क्रॉपवर नेमक्या त्याच कडा कापल्या जातात. कोपरे मऊ होतात हे खरं. पण नवाछंद, तुला आत्ता लगेच नको, आधी साधी नळी नीट बसू दे.

नवाछंद:
अपडेट देतो. सावली ताई म्हणाली तशीच चाचणी केली, २५ मीटरच्या आसपासचा खांब टोकदार आणि मागचं सगळं मऊ, म्हणजे नळी जाडच होती. बदलून दुसरा घेतला, आता अनंत खुणेच्या जरा आधी येतो आणि चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसले. स्थिरीकरण ५० केलं, १/३० ला हातातून काढलेले फोटो चालतायत. टाकुमार अकरा दिवस खिडकीत आहे, पांढऱ्या कागदावर धरली की पिवळेपणा निम्मा उतरलेला वाटतो. काल हेलिओसने काकांचा फोटो काढला, एफ/२ ला, मागे झाडं, फिरल्यासारखं थोडंसंच दिसतंय पण चेहरा इतका सुरेख आलाय की काका बराच वेळ तो बघत बसले, मग म्हणाले ही लेन्स मी पहिल्यांदा लावली तेव्हा तुझा बाबा समोर बसला होता. एफडीचा अ‍ॅडॉप्टर परवा येतोय, लॉकची रिंग लक्षात ठेवलीये, अडलो तर याच धाग्यावर विचारतो.