स्मरणिकेचा संगणक सुरू होत नाही. शुक्रवारच्या आत मदत हवी

प्रेषक: स्मरणिका संपादक
मंगळवार, रात्री १०:४०

सप्रेम नमस्कार.

रविवारी पुण्याहून परतलो आणि आज घरचा संगणक लावला, तर तो अर्ध्यावर थांबतो आहे. खिडकीच्या चिन्हाखाली ठिपके फिरतात, मग निळा पडदा येतो आणि त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले असते. दोन-तीनदा असे झाले की तो आपण होऊन दुरुस्तीच्या पडद्यावर जातो आणि दुरुस्ती जमली नाही असे सांगून मोकळा होतो.

आपल्या मंडळाच्या पाडव्याच्या स्मरणिकेची सर्व ६४ पाने याच संगणकावर आहेत. डिसेंबरात निघण्यापूर्वी जुळणी संपवूनच गेलो होतो, फक्त तीन जाहिराती बसवायच्या राहिल्या आहेत. पेनड्राइव्हवरची प्रत ऑक्टोबरची असून तीत पहिली २० पाने आहेत. मुद्रकाला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत फाइल हवी आहे. प्रोजेक्टरच्या वेळी ‘आधी का सांगितले नाही’ असे ऐकावे लागले होते, म्हणून या वेळी आधीच सांगतो आहे.

प्रेषक: माजी अध्यक्ष
बुधवार, सकाळी ७:०५

संपादक महोदय,

यात घाबरण्यासारखे काही नाही. दुरुस्तीच्या त्याच पडद्यावर ‘रीसेट धिस पीसी’ असा पर्याय असतो. तो निवडून ‘कीप माय फाइल्स’ म्हणा, तासाभरात संगणक नवा होईल. मी स्वतः हे दोनदा केले आहे.

तुमच्या संगणकावर अजून विंडोज १० आहे, हे मी दिवाळीतच बोललो होतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार संपला आणि २०१६ सालचा तुमचा संगणक अधिकृतपणे विंडोज ११ घेऊ शकत नाही. मंडळाचे काम अशा यंत्रावर का चालू ठेवले, याचा विचार कार्यकारिणीने केव्हातरी करावा.

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
बुधवार, सकाळी ८:२०

संपादक काका, कृपया रीसेट करू नका. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होते.

त्या पर्यायाने तुमची कागदपत्रे आणि छायाचित्रे राहतात, परंतु आपण स्वतः बसवलेले कार्यक्रम निघून जातात. स्मरणिकेची पाने श्रीलिपी या मराठी टंकनाच्या कार्यक्रमाच्या जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) आहेत. श्रीलिपी गेली की फाइल जागच्या जागी असूनही वाचता येणार नाही. मागे आमच्या घरी असेच झाले आणि शाळेच्या स्वाध्यायपुस्तिकेचे ‘घर’ कुठे इंग्रजी अक्षरे, कुठे उद्गारचिन्हे अशा रूपात समोर आले. मुलांना ती गुप्त लिपी फार आवडली, पण मला चाळीस पाने पुन्हा टंकावी लागली. काकांकडे श्रीलिपीचे कुलूप, म्हणजे ती चालण्यासाठी संगणकाला लावायची डोंगल, आहे हे ठाऊक आहे, परंतु ती ज्या सीडीवरून बसवली ती सीडी घर बदलताना कुठे गेली, हेही आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, दुपारी १२:१५

ताईंनी टंकांचा विषय काढलाच आहे, म्हणून नम्रपणे नोंदवतो की स्मरणिका यापुढे युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतातच, करावी असा ठराव मागच्या वार्षिक सभेत मीच मांडला होता. तो ‘पुढील वर्षी पाहू’ या शेऱ्यासह बाजूला ठेवण्यात आला. मजकूर युनिकोडमध्ये असता, तर आज तो कोणाच्याही संगणकावर उघडला असता. नव्या संगणकासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही, हेही माजी अध्यक्षांच्या माहितीसाठी लिहून ठेवतो.

प्रेषक: स्मरणिका संपादक
बुधवार, दुपारी १:००

युनिकोडला माझा विरोध कधीच नव्हता. जुन्या अंकांतील लेखांचे रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरे तुटत होती, आणि ती हाताने दुरुस्त करायला त्या वेळी कोणीही पुढे आले नव्हते. असो. संगणक अजून बंदच आहे.

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी, वॉटर्लू
बुधवार, रात्री ११:३०

सर्वांना नमस्कार.

आज संध्याकाळी काकांकडे जाऊन आलो. काकूंनी थालीपीठ केले होते, एवढीच चांगली बातमी आहे.

दुरुस्तीच्या पडद्यावरून आज्ञा देण्याच्या खिडकीत गेलो आणि ‘बूटरेक’ या विंडोजच्या दुरुस्तीच्या साधनाला विंडोज शोधायला सांगितले, तर तिने एकूण सापडलेल्या विंडोज शून्य असे उत्तर दिले. डिस्क तपासायची आज्ञा दिली, तर ‘सी’ नावाचा विभागच मिळाला नाही. मग पेनड्राइव्हवरून उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली सुरू केली, कारण तशा अवस्थेतही डिस्कवरील फाइल उचलून घेता येतात. उबुंटू झकास चालले, परंतु त्याला पेनड्राइव्हशिवाय दुसरी डिस्कच दिसली नाही.

दोन वेगवेगळ्या प्रणालींना जी डिस्क दिसत नाही ती गेली असे मानावे लागते. काकांना हे तोंडावर सांगणे मला जमले नाही, म्हणून येथे लिहितो आहे.

प्रेषक: माजी अध्यक्ष
गुरुवार, सकाळी ६:५०

फार वाईट झाले. आमचीही एक डिस्क अशीच गेली आणि तिच्यात मुलीच्या बारशापासूनची छायाचित्रे होती. आता २० पानांचा छोटा अंक काढावा आणि उरलेले साहित्य गणपतीच्या अंकात घ्यावे, असे मी सुचवतो. अध्यक्षीय मनोगत पहिल्या २० पानांत आहे ना, एवढे पाहावे.

प्रेषक: नाटक विभाग, ध्वनी व प्रकाश
गुरुवार, दुपारी १२:३५

काका, हा पत्रव्यवहार आत्ता जेवणाच्या सुट्टीत एकदम वाचला. डिस्क गेली असे मला वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सविस्तर लिहिते.

निळा पडदा विंडोजच काढते. ठिपके फिरून पडदा निळा होऊन त्यावर नेमका दोष लिहून येतो आहे, याचा अर्थ विंडोजचा काही भाग त्याच डिस्कवरून नीट वाचला जातो आहे. मेलेली डिस्क इथवर येतच नाही. सुरुवातीचा भाग मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य पटलाच्या) प्रणालीच्या, म्हणजे बायोसच्या, हाताने वाचला जातो आणि मग विंडोज डिस्क स्वतःच्या ताब्यात घेऊ पाहते. नेमके त्या हस्तांतरात काहीतरी अडते आहे.

त्या काळच्या पुष्कळ संगणकांत डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती असतात. एकीचे नाव ‘एएचसीआय’ आणि दुसरीचे ‘रेड’. विंडोज ज्या पद्धतीत बसवली, त्याच पद्धतीचा चालक (ड्रायव्हर) ती सुरू होताना हाताशी ठेवते. पद्धत बदलली की तिला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि तुम्ही लिहिलेला दोष येतो. उबुंटूचेही कोडे यातच सुटते. तुमच्या भाच्याने बसवलेली डिस्क एनव्हीएमई या नव्या, वेगवान जातीची आहे, आणि इंटेलच्या त्या ‘रेड’ पद्धतीत अशी डिस्क नियंत्रकाच्या आड जाते, त्यामुळे लिनक्सला ती बहुधा दिसतच नाही. तेव्हा वॉटर्लूच्या चिरंजीवांनी पाहिले ते खरेच पाहिले, फक्त अर्थ वेगळा लागला.

आता तीन प्रश्न विचारते. भाच्याने डिस्क बदलताना बायोसमध्ये काही बदलले होते का? पुण्याला जाताना तुम्ही संगणकाचा प्लग काढून ठेवला होता का? आणि यंत्र सुरू करताना, अगदी सुरुवातीला, तारीख-वेळेविषयी काही सूचना येते का?

प्रेषक: स्मरणिका संपादक
गुरुवार, दुपारी २:१०

वहिनी, तुम्ही घरी येऊन पाहून गेल्यासारखे प्रश्न विचारले आहेत.

प्लग काढला होता. अडीच महिने घर बंद राहणार म्हणून फ्रीज वगळता सर्वच काढले होते. भाच्याने ‘काही सेटिंग बदलले’ असे म्हटल्याचे आठवते, पण काय ते मी विचारले नाही. आणि हो, यंत्र लावले की काळ्या पडद्यावर वेळ व तारीख ठरवलेली नाही, एफ-१ दाबा, असे येते. मी प्रत्येक वेळी एफ-१ दाबून पुढे जात होतो. ती किरकोळ गोष्ट वाटली म्हणून कोणाला सांगितली नाही.

प्रेषक: नाटक विभाग, ध्वनी व प्रकाश
गुरुवार, दुपारी ३:०५

काका, सगळा रोग त्या किरकोळ ओळीत आहे.

मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. संगणक बंद असताना घड्याळ चालते ते तिच्यावर. प्लग लावलेला असेल तर भिंतीतून येणारी थोडी वीज ते काम करते आणि बॅटरीला विश्रांती मिळते. तुमची बॅटरी जवळजवळ दहा वर्षांची आहे. तुम्ही अडीच महिने प्लग काढून ठेवलात, तेव्हा सगळा भार तिच्यावर आला आणि ती संपली. घड्याळ मागे गेले आणि बायोसने स्वतःच्या सर्व नोंदी विसरून कारखान्यातल्या मूळ नोंदी धरल्या. मूळ नोंद ‘रेड’ची असणार आणि भाच्याने ती ‘एएचसीआय’ केली असणार.

संगणक लावताच एफ-२ दाबत राहा. ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘साटा ऑपरेशन’ नावाची ओळ असेल. तेथे ‘रेड ऑन’ दिसले, तर ‘एएचसीआय’ निवडा. बदल करण्याआधीच्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवा, म्हणजे परतीची वाट मोकळी राहील. बूटरेकच्या आणखी आज्ञा आता देऊ नका.

डिस्क कूटबद्ध असती, तर बायोसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या कूटबद्धीकरणाची, ४८ आकड्यांची किल्ली शोधायला सांगितले असते. तुमची तशी नाही, हे मागच्या वेळी मी पाहिले होते.

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, संध्याकाळी ५:४०

कुतूहलापोटी मीही माझ्या संगणकाचे बायोस उघडून पाहिले. त्यात ‘रेड’ असे कोठेही नाही आणि लाल दिवाही लागलेला नाही. माझे यंत्र सुरक्षित आहे असे समजावे काय?

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी, वॉटर्लू
गुरुवार, संध्याकाळी ५:५५

खजिनदार काका, हा रंग नव्हे. अनेक डिस्का एकत्र बांधून वापरण्याच्या योजनेचे ते आद्याक्षरांवरून केलेले नाव आहे. गंमत म्हणजे संपादक काकांकडे बांधायला दुसरी डिस्कच नाही.

वहिनी, मी पूर्णपणे फसलो. घड्याळ १ जानेवारी २०१६ दाखवत होते, हे मी पाहिलेही होते.

प्रेषक: स्मरणिका संपादक
गुरुवार, रात्री ११:२०

सुरू झाला. ‘रेड ऑन’च होते. ते बदलले, यंत्र एकदा बंद होऊन पुन्हा लागले आणि श्रीलिपीसकट सर्व जसेच्या तसे समोर आले. चौसष्टच्या चौसष्ट पाने पेनड्राइव्हवर घेतली आहेत. जाहिराती बसवून मुद्रणाची पीडीएफ उद्या सकाळी करीन, कारण डोळे मिटत आहेत. वहिनी, तुमचे आभार प्रत्यक्ष भेटीतच मानेन.

प्रेषक: स्मरणिका संपादक
शुक्रवार, सकाळी ८:१५

पुन्हा तोच निळा पडदा.

प्रेषक: नाटक विभाग, ध्वनी व प्रकाश
शुक्रवार, सकाळी ८:२५

काका, रात्री झोपताना पॉवर बारचे बटण बंद केलेत का?

प्रेषक: स्मरणिका संपादक
शुक्रवार, सकाळी ८:३०

चाळीस वर्षांची सवय आहे.

प्रेषक: नाटक विभाग, ध्वनी व प्रकाश
शुक्रवार, सकाळी ८:४५

चूक माझी आहे, कारण बॅटरी बदलेपर्यंत वीज तोडू नका हे वाक्य लिहायला हवे होते. कालची नोंद भिंतीतल्या विजेवर टिकली होती, ती पुसली गेली.

पीडीएफची वाट न पाहता आधी बॅटरी आणा. तिच्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते, म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. ३ व्होल्टची ही बॅटरी औषधांच्या दुकानातही मिळते. प्लग काढा, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा आणि बाजूचे झाकण उघडा. हीटरने घरातली हवा कोरडी झाली आहे आणि गालिच्यावरून चालले की बोटातून ठिणगी उडते, तेव्हा आतील भागाला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. बॅटरीच्या कडेची चिमटी बाजूला केली की ती उसळून वर येते. नवी बसवताना अधिक चिन्ह वर ठेवा. मग तारीख, वेळ आणि ‘एएचसीआय’ भरा. तारीख चुकली तर ब्राउझर सगळ्या संकेतस्थळांवर अविश्वास दाखवतो आणि मुद्रकाकडे फाइल चढणार नाही.

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई
शुक्रवार, सकाळी ९:३०

काका, जुनी बॅटरी टेबलावर राहू देऊ नका. नातू दोन वर्षांचा आहे, आणि अशी चपटी बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. चिकटपट्टी गुंडाळून ती बॅटऱ्या गोळा करण्याच्या पेटीत टाका.

प्रेषक: स्मरणिका संपादक
शुक्रवार, दुपारी ३:१०

बॅटरी बसवली. पॉवर बार मुद्दाम दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावला. घड्याळ बरोबर होते आणि संगणक तक्रार न करता सुरू झाला. तिन्ही जाहिराती बसवून पीडीएफ मुद्रकाकडे गेली आहे आणि त्यांची पोचही आली आहे. चौसष्ट पानांची एक प्रत ताईंकडे आणि एक खजिनदारांकडे पाठवली आहे. जुनी बॅटरी चिकटपट्टीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, दुपारी ३:४०

फाइल मिळाली, उघडली आणि अपेक्षेप्रमाणे काहीही वाचता आले नाही. पीडीएफही पाठवावी.

बॅटरीची पावती जोडल्यास रक्कम स्मरणिका खात्यातून देता येईल. पाकिटात दोन बॅटऱ्या असतात असे दिसते, तेव्हा दुसरी मंडळाची मालमत्ता धरावी लागेल.

प्रेषक: स्मरणिका संपादक
शुक्रवार, दुपारी ३:५०

दुसरी काकूंच्या स्वयंपाकघरातील वजनकाट्यात गेली आहे. पावती अर्ध्याचीच लावतो.